एकाच पंखाचे दोन भाव

नदीकाठच्या एका जंगलात एक टिटवी राहत असे. खोटेपणा दिसला की ओरडल्याशिवाय तिला राहवत नसे. मुलांनो, त्या जंगलात एक चांगली चाल होती. सुगीत प्रत्येकाने थोडे दाणे सामायिक कोठारात टाकायचे आणि कोणी आजारी पडले की वैद्य कोल्ह्याचा मोबदला त्यातून द्यायचा. पण दुखणे बघण्याआधीच कोल्हा विचारी, "कोठारात वाटा आहे ना?" आहे म्हटले की सशाच्या पायातल्या काट्यालाही सात लेप लागत. "आणखी दोन लावा की वैद्यबुवा, आपलं काय जातंय?" असे ससा ऐटीत म्हणे. टिटवीनेही एकदा साध्या ओरखड्यावर मधाचा लेप लावून घेतला होता.

मग एका वादळात तिच्या पिल्लाचा पंख मोडला. कोल्ह्याने नेहमीचा प्रश्न विचारला आणि एकवीस लेप, चाळीस ओंजळी दाणे असे सांगून टाकले. पण आजवर सगळ्यांनी लावून घेतलेल्या लेपांपायी कोठारात पाचच ओंजळी उरल्या होत्या. कोल्ह्याने पाठ फिरवली. पंख तसाच वाकडा जुळला असता, तर पिल्लू जन्मात उडू शकले नसते.

टिटवी रडत बसली नाही. नदीपलीकडे तिची बहीण राहत होती. तिचा कोठारात वाटा नव्हता. टिटवीने पिल्लू तिच्या हवाली केले आणि ससा, हरीण, साळिंदर अशा सगळ्यांना कोल्ह्याच्या गुहेशेजारच्या करवंदीच्या जाळीत आणून बसवले. बहिणीने पिल्लू कोल्ह्यापुढे ठेवले आणि वाटाबिटा काही नाही म्हणून सांगितले. कोल्ह्याने प्रथमच पंख नीट पाहिला. "मग दोन काड्या आणि वेलाची पट्टी पुरे. दोन ओंजळी द्या," तो म्हणाला आणि पट्टी बांधूनही मोकळा झाला.

टिटवी जाळीबाहेर आली. "काल चाळीस, आज दोन. वैद्यबुवा, पंख तोच आहे."

कोल्हा वरमला, पण गप्प बसला नाही. "मी एकटाच चोर का? आणखी लावा, आणखी लावा, असं म्हणत कोण येत होतं?" ससा खाली बघू लागला. टिटवीने आपला ओरखडाही सर्वांसमोर कबूल केला. तिथेच ठरले : आधी दुखणे पाहायचे, मोल उघड सांगायचे, मगच वाट्याचे विचारायचे, आणि पहिली ओंजळ ज्याची त्याने घरून द्यायची. कोल्ह्याला मान डोलवावीच लागली. त्या पावसाळ्यात कासवाची फुटलेली पाठ कोठारातल्या दाण्यांवर बरी झाली, तरी दाणे उरले. आणि टिटवीचे पिल्लू नदी ओलांडून मावशीकडे गेले, ते स्वतःच्या पंखांनी.

तात्पर्य : सगळ्यांच्या ठेवीतून जाते म्हणून भाव न विचारणारा रोगी आणि तो विचारत नाही म्हणून भाव चढवणारा वैद्य, हे दोघे मिळून खऱ्या गरजवंताचे औषध पळवतात.