टोपलीतल्या भाकऱ्या

फार पूर्वी, तव्यावरची शेवटची भाकरी दारच्या मुक्या जिवासाठी राखून ठेवायचे, त्या काळातली ही गोष्ट. आता तशी भाकरी कुठे दिसत नाही. आठवलं की जीव हळहळतो.

एका गावात दोन आळ्या होत्या. ओढ्याकाठी पेठआळी, चांगली एकशेवीस घरांची. वर चढणीवर टेकआळी, घरं जेमतेम वीस. एका उन्हाळ्यात ओढा आटला, एक डबकं तेवढं उरलं. रेड्यावरून पाणी वाहणारा पखालवाला म्हणाला, "माझा रेडा थकलाय. जनावरांसाठी रोज एकच डोणी भरता येईल." पाटलांनी ठरवलं, ज्या आळीला जनावरांचा लळा जास्त, तिथे ही दगडी डोणी ठेवायची.

लळा मोजायचा कसा? कोतवाल दोन टोपल्या घेऊन दारोदार फिरला. ज्या घरी जनावर पाळलेलं असेल, त्या घरानं शेवटची भाकरी टोपलीत टाकायची. पेठआळीच्या भाकऱ्या भरल्या चाळीस, टेकआळीच्या पंधरा. झालं! पेठआळीकरांनी डोणीच्या जागेला हळदकुंकूही वाहिलं.

तेवढ्यात टेकआळीची कुंभारीण धापा टाकत आली. तिचं म्हातारं गाढव डबक्यावरून परतताना चढणीवर बसलं होतं, ते उठेना.

"पाटील, डोणी खाली ठेवलीत तर माझं गाढव जगायचं नाही. आणि भाकऱ्या मोजल्या, पण भाकरी न देणारी दारं मोजलीत का?"

कोतवाल हसला. "मावशी, चाळीस जास्त की पंधरा, एवढंही कळेना होय?"

"कळतं की. पण एखादं भुकेलं पिल्लू तुमच्या पेठआळीत बारा दारं हिंडलं, तर किती दारी भाकरी मिळंल?"

कोतवालानं हिशेब केला. "चार."

"आणि आमच्यात बारा दारं हिंडलं तर?"

कोतवाल बराच वेळ बोटं मोजत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "नऊ."

पाटील स्वतः पेठआळीचे, आणि त्यांच्याही दारातून टोपली तशीच पुढे गेली होती. लहानपणी त्यांची आई चूल विझवण्याआधी "यू यू" करून कुत्र्याला हाक मारायची. ते आठवून त्यांचे डोळे भरून आले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "डोणी टेकावर जाईल."

"पण आमची जनावरं जास्त आहेत!" पेठआळीकर ओरडले.

"तुमच्या जनावरांना डबकं चार पावलांवर आहे," पाटील म्हणाले आणि गाढवाला उठवायला स्वतः चढणीकडे निघाले.

त्या संध्याकाळी डोणीत पहिलं तोंड त्या गाढवानं घातलं. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या उंबऱ्यावर कितीतरी वर्षांनी भाकरी होती, आणि ती खायला एक पिल्लूही.

डोणी अजून टेकावर आहे म्हणतात. जनावरांच्या माना घासून तिची कड गुळगुळीत झाली आहे.

तात्पर्य: किती जणांनी दिलं एवढंच मोजू नये, कितींपैकी दिलं तेही विचारावं.