पेंढ्याचे वासरू

एकदा एक शिष्य चैत्राच्या आरंभी आपल्या वृद्ध गुरुजींच्या मळ्यावर राहायला आला. चार दिवस शांतपणे चिंतन करावे, असे कारण त्याने घरी सांगितले होते. खरे कारण वेगळे होते. परमुलखात नोकरीला असलेला त्याचा धाकटा भाऊ माघात अकस्मात वारला. म्हाताऱ्या आईचे काळीज नाजूक, तिला हा घाव सोसणार नाही, म्हणून याने दहावे-तेरावे परस्पर उरकले आणि आईला सांगितले, ‘धाकट्याला रजा नाही, आंब्यांच्या दिवसांत येईल.’ आई बिचारी धाकट्यासाठी कुरडया वाळवून डब्यात भरू लागली आणि कधी येतो म्हणून रोज विचारू लागली. त्या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा मळा बरा, असे त्याला वाटले.

आणि मळा खरोखरच बरा होता. सकाळी विहिरीच्या काठावर मुंगूस आपली पिल्ले घेऊन येई. कैऱ्या लागल्या म्हणून वानरे आंब्यावर उतरत. टिटवीने ढेकळांत अंडी घातली होती, ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. पण त्याला कोणी काही विचारीत नसे.

अशात हरणी गाय व्याली. वासरू अशक्त निपजले आणि दुसऱ्या पहाटे गेले. सोनबा या जुन्या गड्याने ते गोठ्यामागे नेऊन झाकून ठेवले. हरणी सारखी दाराकडे पाहून हंबरू लागली.

“गुरुजी, कातड्यात पेंढा भरून घेतो,” सोनबा म्हणाला. “म्होरं उभं केलं की चाटंल अन् पान्हा सोडंल. मुक्या जनावराला काय कळतंय?”

“तेच बरं,” शिष्य घाईने म्हणाला. “तिचं दुःख तरी टळेल.”

गुरुजींनी दोघांकडे पाहिले आणि भलतेच केले. सोनबाला हात लावायला सांगून त्यांनी मेलेले वासरू आणवले आणि हरणीच्या पुढ्यात ठेवले. मग तिच्या शेजारी जमिनीवरच मांडी घालून बसले.

हरणीने वासरू हुंगले, चाटले, तोंडाने ढोसून पाहिले. ते उठेना. तेव्हा ती अशी काही हंबरली की शिष्याच्या अंगावर काटा आला.

“गुरुजी, हे निष्ठुरपणाचं आहे. न्या ते इथून.”

गुरुजी हलले नाहीत. ऊन चढले, जेवणाची वेळ टळून गेली, तरी ते तिच्या गळ्यावरून हात फिरवीत बसून राहिले. उन्हे कलली तशी हरणी गप्प झाली. वासराकडे पाहून तिने मान वळवली आणि ती पुढ्यातले पाणी प्याली. मग सोनबाने करंजाखाली खड्डा खणला.

माती लोटून झाल्यावर गुरुजी शिष्याला म्हणाले, “पेंढ्याचं वासरू गाईसाठी नसतं रे. दूध काढणाऱ्यासाठी असतं. गाय त्याला चाटते, आणि तिन्हीसांजा झाल्या की खऱ्या वासरासाठी वाटेकडे बघून हंबरते. शोक कधीतरी ओसरतो. वाट पाहणं ओसरत नाही. तिचं दुःख काही टळत नाही, आपल्याला ते बघावं लागत नाही, इतकंच.”

आईचे दुःख टाळतो आहोत, असे शिष्य इतके दिवस स्वतःला बजावत होता. टाळत होता तो आईचा चेहरा. त्याने चाचरत विचारले, “आणि हे तिला सोसलं नसतं तर?”

“म्हणून तर सकाळपासून जवळ बसलो होतो,” गुरुजी म्हणाले.

शिष्याने लगेच पिशवी भरली. दिवेलागणीला तो घरी पोचला, तेव्हा आई कुरडयांचा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती.

“काही कळलं का रे त्याचं?” तिने नेहमीसारखे विचारले.

त्याने डबा बाजूला ठेवला, तिचा हात हातात घेतला आणि जे होते ते सांगितले. आईचा आक्रोश ऐकून शेजारीपाजारी धावत आले. कोणी पाणी दिले, कोणी डोळे पुसले, आणि हळूहळू सगळे आपापल्या घरी गेले. तो मात्र तिच्याजवळून उठला नाही.