टिमकीच्या घरावरची तिरंगी माळ

एक होती बेडकुली. तिचं नाव टिमकी.

टिमकी केवढी? तुझ्या अंगठ्याएवढी. टिमकीचं घर केवढं? एका मडक्याएवढं. कारण ते मडकंच होतं. जुनं, उलटं घातलेलं. काठाचा एक टवका उडाला होता. तेच टिमकीचं दार. केळीच्या बुंध्याशी, गार गार ओलीत टिमकी मजेत राहायची.

शाळांना सुट्टी लागली होती. आंबे पिकले होते. आणि उद्या होता एक मे. महाराष्ट्र दिन. उद्या सकाळी चावडीपुढे झेंडा चढणार होता. आणि आज संध्याकाळी सगळी कुंभारआळी दिव्यांनी उजळणार होती.

कुंभारआळीची रीतच होती तशी. ज्याचं घर, त्याची माळ. हौसाआत्याच्या ओसरीला माळ. म्हशीच्या गोठ्याला माळ. कोंबडीच्या खुराड्यालासुद्धा माळ. आणि प्रत्येक माळेत झेंड्याचे रंग. केशरी, पांढरा, हिरवा.

टिमकीकडेही माळ होती बरं का. तीन दिव्यांची. वायरमन शिरपाकाकांनी ती खास तिच्या मापाची करून दिली होती. देताना म्हणाले होते, "टिमके, जपून हां. ह्यातला एक दिवा जरी नसला, तर अख्खी माळ पेटत न्हाय."

टिमकीने मडक्यावर माळ चढवली. वर केशरी. मधे पांढरा. खाली हिरवा...

आणि हिरवा दिवा निसटला.

गडगड गडगड गडगड. उतारावरून पार खाली. थेट कोंबडीच्या टोपलीत.

आता काय करायचं? एक दिवा नाही, तर माळ नाही. सगळी आळी उजळणार आणि टिमकीचं घर अंधारात बसणार. टिमकीला रडू आलं. थोडंसं रडली. मग डोळे पुसले आणि निघाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सूर्य होता आंब्याच्या शेंड्यावर.

टोपलीत कोंबडी बसली होती. नुसती नाही, खुडुक बसली होती. खुडुक कोंबडी काय करते? मिळेल त्याच्यावर बसते आणि ऊब देते. मागच्या महिन्यात ही बाई एका बटाट्यावर बसली होती. चांगले आठ दिवस. आज बसली होती टिमकीच्या हिरव्या दिव्यावर.

टिमकी म्हणाली,
"कोंबडीताई, कोंबडीताई, ऊठ ना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"क्रुक क्रुक," कोंबडी म्हणाली. "दिवा कुठला? हे माझं अंडं आहे. मी बसले म्हणजे बसले. कण्या मिळाल्या तर उठेन. नाही तर नाही उठणार."

कण्या कुणाकडे? हौसाआत्याकडे. टिमकी निघाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सूर्य आला गोठ्याच्या छपरावर.

हौसाआत्या ओसरीवर बसली होती. पुढ्यात तांदूळ होते. हातात सूप होतं. पण सूप काही हलत नव्हतं. आत्याने दोन्ही कानांत बोटं घातली होती.

टिमकी म्हणाली,
"हौसाआत्या, हौसाआत्या, कण्या पाखड ना.
कोंबडी उठेना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"पाखडते की गं," आत्या म्हणाली. "पर ती म्हस बघ कशी वरडतीया. कानातली बोटं काढू का सूप धरू? म्हस गप बसली तर पाखडीन. न्हाय तर न्हाय पाखडणार."

टिमकी निघाली गोठ्याकडे.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सूर्य आला कुंपणावर.

गोठ्यात म्हैस उभी होती. काळी काळी, मोठी मोठी. टिमकीला तिचे नुसते पायच दिसत होते. वरून आवाज येत होता. ऑंय, ऑंय, ऑंय.

टिमकीने मान वर केली आणि म्हणाली,
"म्हशीबाई, म्हशीबाई, गप्प बस ना.
आत्या पाखडेना.
कोंबडी उठेना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"ऑंय," म्हैस म्हणाली. "घसा कोरडा पडलाय माझा. उन्हाळा आहे का नाही? हौदात पाणी आलं तर गप्प बसेन. नाही तर नाही गप्प बसणार."

हौदात पाणी कोण सोडतं? नळ. टिमकी निघाली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

सूर्य कुंपणाच्या खाली वाकला. टिमकीची सावली लांब लांब झाली. इवल्याशा बेडकुलीची एवढी मोठी सावली!

हौदावर नळ होता. नळाने "फुस्स" केलं. फुस्स म्हणजे काय? फुस्स म्हणजे नुसती हवा.

टिमकी म्हणाली,
"नळोबा, नळोबा, पाणी सोड ना.
म्हैस गप्प बसेना.
आत्या पाखडेना.
कोंबडी उठेना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"फुस्स," नळ म्हणाला. "वीज नाही, म्हणून मोटार नाही. मोटार नाही, म्हणून पाणी नाही. शिरपाकाकांनी माळा लावायला वीज बंद केलीय. काका शिडीवरून उतरले तर पाणी सोडेन. नाही तर नाही सोडणार."

टिमकीचे पाय दुखायला लागले होते. बारीक बारीक पाय ते. पण घरावर माळ लागायलाच हवी होती. म्हणून ती निघालीच.

टुणुक टुणुक... जरा थांबली... टुणुक टुणुक.

सूर्य टेकला डोंगरावर.

आळीच्या मधोमध खांब होता. खांबाला शिडी होती. शिडीवर शिरपाकाका होते. एका हातात वायर. एका हातात पकड. आणि तोंड असं वाकडं केलेलं.

टिमकी खालून म्हणाली,
"शिरपाकाका, शिरपाकाका, खाली उतरा ना.
नळाला पाणी येईना.
म्हैस गप्प बसेना.
आत्या पाखडेना.
कोंबडी उठेना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"उतरतो की," काका म्हणाले. "ही एक शेवटची गाठ राहिलीया. पर माझ्या नाकावर डास बसलाय गं. लई गुदगुल्या करतोय. हात रिकामा न्हाय, हाकलू कशानं? डास उठला तर उतरीन. न्हाय तर न्हाय उतरणार."

टिमकीने शिडीकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा पायऱ्या. सहाच्या सहा उंच.

पहिली पायरी, टुणुक.
दुसरी पायरी, टुणुक.
तिसरी पायरी, टुणुक.
चौथी पायरी, टुणुक.
पाचवी पायरी, टु...णुक.
सहावी पायरी, टु......णुक.

तिथून काकांच्या खांद्यावर. आणि समोर काकांचं नाक. नाकावर डास.

टिमकी म्हणाली,
"डासोबा, डासोबा, ऊठ ना.
काका उतरेनात.
नळाला पाणी येईना.
म्हैस गप्प बसेना.
आत्या पाखडेना.
कोंबडी उठेना.
माझा हिरवा दिवा मिळेना."

"गुंऽऽ," डास म्हणाला. "मुळीच नाही उठणार."

"मग कधी उठशील?" टिमकीने विचारलं.

"कधीच नाही. मला कण्या नकोत. मला पाणी नको. मला हे नाक आवडलंय. मी कुणाचं ऐकत नाही. आणि तू तर केवढीशी आहेस."

टिमकीने डासाकडे नीट बघितलं. दुपारपासून तिने सगळ्यांना 'ना, ना' केलं होतं. ताई म्हणाली, बाई म्हणाली, आत्या म्हणाली, काका म्हणाली. ह्या डासाला तर 'ओबा' लावून बोलली. आणि सकाळपासून तिने काही खाल्लंही नव्हतं.

टिमकीने जीभ बाहेर काढली.

लप्प.

डास कुठे गेला? टिमकीला विचारा. पण ती आत्ता बोलणार नाही. तोंडात घास असताना बोलू नये.

"आहाहा," काका म्हणाले. "सुटलो बाबा." आणि त्यांनी गाठ मारली.

मग काय झालं सांगू?

डास गेला, म्हणून काका उतरले. खट्, वीज आली.
काका उतरले, म्हणून नळाला पाणी आलं. भळभळ भळभळ.
नळाला पाणी आलं, म्हणून म्हैस गप्प बसली. गटगट गटगट.
म्हैस गप्प बसली, म्हणून आत्याने सूप धरलं. फटक् फटक्, फटक् फटक्.
आत्याने कण्या पाखडल्या, म्हणून कोंबडी उठली. टकटक टकटक.
कोंबडी उठली, आणि टोपलीत काय होतं?

हिरवा दिवा.

"अगं बाई," कोंबडी म्हणाली. "हे अंडं हिरवं कसं?"

"अंडं नाही ताई. माझा दिवा आहे," टिमकी म्हणाली.

कोंबडीने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा टिमकीकडे बघितलं. जरा लाजली. "घे हो," म्हणाली. "बघ, गरम गरम ठेवलाय तुझ्यासाठी."

टिमकीने दिवा ढकलायला सुरुवात केली. खाली येताना दिवा आपोआप आला होता. आता चढ होता. गड... गड... गड. जरा ढकलायचं, जरा टेकायचं. परत ढकलायचं.

सूर्य डोंगराआड गेला. तिन्हीसांजा झाल्या.

सगळी आळी खांबाजवळ जमली. खांबावर माळांचा मोठा खटका होता. तो दाबला की सगळ्या घरांच्या माळा एकदम लागणार. शिरपाकाकांनी खटक्याकडे हात नेला आणि विचारलं, "झालं का रं समद्यांचं?"

"झालं," म्हैस म्हणाली.

"झालं बया," आत्या म्हणाली.

काका खटका दाबणार, तेवढ्यात कोंबडी पंख फडफडवत पुढे आली. "थांबा काका. टिमकीचं राहिलंय."

काकांनी हात मागे घेतला. "मग थांबू की. आपल्या आळीतलं एक घर अंधारात ठिवून बाकीच्यांनी उजेड करायचा व्हय?"

आणि सगळी आळी थांबली. आत्या थांबली. म्हैस थांबली. नळसुद्धा ठिबकायचा थांबला. कुणासाठी? अंगठ्याएवढ्या बेडकुलीसाठी.

लांब केळीपाशी टिमकीने दिवा शेवटचा ढकलला. गड. माळेतल्या रिकाम्या जागेत बसवला. टक्.

वर केशरी. मधे पांढरा. खाली हिरवा.

मग ती धावत निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"झालं काका," टिमकी म्हणाली. "माझं पण झालं."

शिरपाकाका खाली बसले. त्यांनी हात पुढे केला. टिमकी हातावर चढली. काका उभे राहिले आणि हात खटक्यापाशी नेला.

"आज तूच दाब, टिमके," ते म्हणाले. "तू डास न्हेला नसतास तर मी अजून शिडीवरच असतो."

टिमकीने खटक्याकडे बघितलं. खटका तिच्याहून मोठा होता. टिमकी मागे सरकली. दम घेतला. आणि टुणुक करून उडी मारली.

खट्.

आणि आळी उजळली.

हौसाआत्याची ओसरी. केशरी, पांढरा, हिरवा.
म्हशीचा गोठा. केशरी, पांढरा, हिरवा.
कोंबडीचं खुराडं. केशरी, पांढरा, हिरवा.
आणि पार टोकाला, केळीच्या बुंध्याशी, तीन इवले दिवे. एक केशरी. एक पांढरा. एक हिरवा.

सगळे आळी बघायला निघाले. घर बघत, दिवे बघत, हळूहळू चालत. टिमकी काकांच्या खांद्यावर होती. चालता चालता सगळे टोकाला आले आणि मडक्यापुढे उभे राहिले. सगळे बघत राहिले. म्हैस तर खाली मान घालून बघतच राहिली.

हौसाआत्या वाकली. गुडघ्यावर हात ठेवून अगदी खाली वाकली. मडक्यावर उजेड होता. केळीच्या पानांवर उजेड होता. आत्याच्या गालावर हिरवा उजेड पडला होता.

"लई देखणं दिसतंय," आत्या म्हणाली. "कुणाचं गं ह्ये घर?"

आत्याला माहीत होतं. तरी तिने विचारलं.

टिमकीने खांद्यावरून उडी मारली. टुणुक. ती दारात जाऊन उभी राहिली. अगदी ताठ. मग टिमकीचा गळा फुगायला लागला. फुगला, फुगला, टिमकीएवढा झाला, टिमकीहून मोठा झाला.

"डराँव," टिमकी म्हणाली. "माझं घर."