झाकणभर दूध

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाच्या वेशीवर एक दूध डेअरी. त्या डेअरीच्या पत्र्याखाली दोन बोके राहत असत. सख्खे भाऊ. थोरला पिवळा, धाकटा करडा. मुलांनो, ही गोष्ट थोरल्याची आहे, पण ती सांगायची धाकट्याने पाहिली तशी, कारण थोरल्याकडे त्याच्याइतके टक लावून कोणी पाहिलेच नाही.

त्यांची आई एका सकाळी रस्ता ओलांडून गेली ती परत आली नाही. धाकट्याचे डोळे तेव्हा नुकते उघडले होते. थोरल्याने त्याला मानेला धरून उचलले, कोपऱ्यातल्या गोणपाटावर आणून ठेवले आणि त्याचे दोन्ही कान चाटून काढले.

"इथंच राहायचं," तो म्हणाला. "मी आहे."

तेवढेच म्हणाला. पण तेव्हापासून धाकट्याला कशाची भीती म्हणून वाटली नाही.

डेअरीला उंच दगडी भिंत होती. भिंत आणि पत्र्याचे छप्पर यांच्यामध्ये एक बोळ होता. थोरला भिंतीखाली बसायचा, शेपटीचे टोक जरासे हलवायचा, आणि पुढच्या क्षणी भिंतीवर असायचा. तिथून सरळ पत्र्यावर. मध्ये बोळ आहे हे त्याच्या गावीही नसे. पत्र्यावर एक म्हातारा कावळा बसलेला असे, तोसुद्धा अंग चोरून त्याला जागा द्यायचा.

"तू उडतोस कधी तेच दिसत नाही," धाकटा म्हणायचा.

"डोळे मिटतोस म्हणून."

"मी कुठं मिटतो?"

"मग बघ," असे म्हणून थोरला पुन्हा उडी मारायचा. आणि धाकट्याचे डोळे आपोआप मिटायचे.

एका संध्याकाळी दुधाच्या कॅनमागे नाग निघाला. डेअरीचे केरबाअण्णा माप भरायला वाकले होते. त्यांचा पाय नागापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांना पत्ता नव्हता. थोरला पत्र्यावरून जो सुटला तो थेट दोघांच्या मध्ये. नाग फणा काढी तेव्हा थोरला मागे सरे, नाग हलला की पंजा त्याच्या डोक्यावर बसे. माणसे भिंतीला चिकटून उभी होती. शेवटी नाग निपचित पडला, आणि थोरला काही झालेच नाही असा बसून पंजा चाटू लागला.

दुसऱ्या सकाळी म्हशीवाल्या हौसाक्काने दूध मापात ओतण्याआधी किटलीचे झाकण उलटे केले, त्यात दूध घातले आणि थोरल्यापुढे ठेवले. "घे बाबा. अण्णाचं मरण परतवलंस."

त्या दिवशी डेअरीच्या मशीनवर हौसाक्काच्या दुधाला फॅट, म्हणजे स्निग्धांश, चांगली लागली आणि भावही जास्त मिळाला. झाले. पुढच्या दिवशी तिच्यामागच्या बाईने झाकण ठेवले, मग तिच्यामागच्याने. बघता बघता गावाची पद्धतच पडली, की आधी बोक्याला झाकणभर, मग मापात. बोक्याने जीभ लावली की फॅट उतरत नाही, असे सगळे म्हणत. सकाळी रांग, संध्याकाळी रांग. कोणाचे झाकण लहान, कोणाचे ताटलीएवढे. थोरला कोणालाच नाही म्हणत नसे.

आणि मुलांनो, तो वाढू लागला.

असे मांजर कोणी पाहिलेले नव्हते. बसला की तो ढिगासारखा चहूकडून पसरे. त्याची मान दिसेनाशी झाली, पोट जमिनीला टेकले. उन्हात निजला की पिवळ्या जोंधळ्याचे पोते उसवून सांडल्यासारखा दिसे. तो घुरघुरला की शेजारची रिकामी झाकणे बारीक वाजत. शेजारच्या गावांतून लोक त्याला बघायला येत. लहान मुले त्याच्या पोटावर डोके टेकून झोपी जात आणि ती उठेपर्यंत तो हलायचा नाही. रडत आलेले पोर त्याच्याजवळ बसले की गप्प होई. नव्या नवरीला सासरी जाण्याआधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला आणत.

"केवढं रे हे ध्यान," केरबाअण्णा म्हणायचे. "वाघानं बघितलं तर रस्ता बदलंल."

"दृष्ट लावू नका माझ्या वाघाला," हौसाक्का म्हणायची आणि झाकण पुन्हा भरायची.

धाकटा लांब भिंतीवर बसून हे बघायचा. त्याचा ऊर भरून यायचा. गावातल्या कुठल्याही मांजराने कुरापत काढली तरी तो एवढेच म्हणायचा, "माझा भाऊ कोण आहे माहीत आहे ना?"

पत्र्यावरच्या कावळ्याला मात्र वरून सगळे दिसत होते. एक दिवस तो म्हणाला, "अरे करड्या, तुझा भाऊ हल्ली वर येत नाही. जागा देऊन देऊन माझं अंग आखडलं."

"येईल. त्याला काय अवघड आहे?"

त्या दुपारी थोरला भिंतीखाली जाऊन बसला. शेपटीचे टोक हलवले. अंग गोळा केले. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग उठून सावलीत गेला आणि म्हणाला, "आज ऊन फार आहे."

दुसऱ्या दिवशी ढग होते. तरीही तो उठला नाही.

हळूहळू त्याची जीभ पाठीपर्यंत पोहोचेनाशी झाली. पाठीवरच्या केसांच्या गाठी होऊ लागल्या. मग धाकटा माणसे गेल्यावर हळूच यायचा आणि थोरल्याची पाठ चाटून साफ करायचा. एवढ्या मोठ्या पाठीवरून जीभ फिरवताना त्याला आपण एखादा डोंगर धूत आहोत असे वाटायचे. डेअरीची एकच पायरी होती, पण ती चढून आला की थोरल्याच्या छातीतला धापांचा आवाज लवकर थांबायचा नाही. चाटता चाटता धाकटा तो थांबण्याची वाट बघायचा.

म्हशींना लस टोचायला जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांची नजर थोरल्यावर पडली. त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या कुशी चाचपल्या.

"याच्या बरगड्या लागतच नाहीत हाताला," ते म्हणाले. "काळजावर ताण आहे. दूध त्याचं खाणं नव्हे. एकदम उपाशी ठेवू नका, तेही वाईट. पण हळूहळू कमी करा, आणि रोज पळवा, खेळवा."

"डॉक्टर, तुम्ही आमच्या म्हशीचं बघा," कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. पण डॉक्टर गेल्यावर रांगेत कुजबूज सुरू झाली.

"बरोबर आहे त्यांचं," हौसाक्का म्हणाली. "लई घालताय तुम्ही सगळे."

"सगळ्यांनी बंद करायला पाहिजे," तिच्यामागची बाई म्हणाली.

"व्हय, सगळ्यांनीच," केरबाअण्णांनी मान डोलावली.

आणि मग एकेकाने आपापले झाकण थोरल्यापुढे ठेवले. इतरांनी बंद करायचे होते ना, मग आपल्या एका झाकणाने काय होणार?

भिंतीवर बसलेल्या धाकट्याने हे सगळे ऐकले. त्याच्या मनात एकदा काही आले की त्याला दम निघत नसे. तो खाली उतरला.

"चल. विहिरीपर्यंत जाऊन येऊ."

"विहिरीत काय आहे?"

"काही नाही. चालायचं."

दोघे निघाले. चिंचेच्या झाडापाशी थोरला बसला. "विहीर इथं यायची असेल तर येऊ दे," तो म्हणाला. धाकट्याला हसू आले आणि रडूही. रोज तो त्याला उठवी, थोरला आधी रोज चिंचेपर्यंत येई, पुढे तिच्या अर्ध्या वाटेपर्यंतच, मग नुसता डेअरीच्या दारापर्यंत.

एका सकाळी धाकट्याचे डोके फिरले. रांग लागलेली, झाकणे भरलेली, आणि हा त्यात शिरला. एक झाकण उलटे, दुसरे उलटे, तिसरे पार पायरीखाली. दुधाचे ओहोळ वाहू लागले. केरबाअण्णांनी केरसुणी उचलली.

"मेल्या, भावाच्या तोंडचं सांडतोस?" कोणी बाई ओरडली.

धाकटा भिंतीवर चढला. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा थोरला म्हणाला, "असं का केलंस?"

"तू मरशील म्हणून."

थोरल्याने फरशीवरचा दुधाचा डाग हुंगला. मग म्हणाला, "सकाळी ती माणसं येतात ना, तोंड सुकलेली असतात. मी जीभ लावली की हसतात. मला नाही म्हणवत नाही रे."

धाकट्याला फक्त एवढेच वाटत होते की भाऊ आपल्यावर रागावला आहे. सकाळी तो ओढ्यावर गेला. पाण्यात अर्धा बुडून त्याने एक मासा धरला, चांगला हातभर, आणि स्वतः उपाशी असून तोंडाला न लावता थोरल्यापुढे आणून ठेवला. थोरल्याने तो सगळा खाल्ला. मग दोघे एकमेकांना टेकून झोपले.

पत्र्यावरून कावळा म्हणाला, "तूही झाकण ठेवलंसच की."

धाकट्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, डेअरी बंद, माणसे घरी. माळावरची कुत्री पाण्याच्या शोधात डेअरीच्या आवारात शिरली. धाकटा कॅन धुण्याच्या हौदाखाली कोपऱ्यात साचलेले पाणी पीत होता. मागे भिंत, पण डोक्यावर हौदाचा पुढे आलेला कठडा. उडी मारायला वावच नव्हता. कुत्र्यांनी त्याला घेरले. सगळ्यात पुढचे कुत्रे दात दाखवून म्हणाले, "हाडंच दिसताहेत. पण चालतील."

तेवढ्यात त्यांच्या मागे काहीतरी हलले.

थोरला येत होता. पळत नव्हता, त्याला पळता येतच नव्हते. एक पाय, मग दुसरा पाय, पोट फरशीवर घासत. तो सरळ कुत्र्यांच्या मधून चालत आला आणि धाकट्याच्या पुढ्यात वळून उभा राहिला. मग त्याने अंगावरचा केस न् केस उभा केला. आधीच एवढा, त्यात तो फुगला. हौदाचा कोपरा त्याने भरून गेला. ऊन त्याच्या केसांत अडकले आणि तो सगळा पेटल्यासारखा दिसू लागला. आणि त्याच्या छातीतून आवाज निघाला. तो आवाज मांजराचा नव्हता. पालथे घातलेले कॅन थरथरले, कावळा पत्र्यावरून उडाला.

"हे काय आहे?" मागचे कुत्रे म्हणाले.

"मांजर असावं."

"मांजर एवढं नसतं."

"मग पुढं हो आणि विचार."

कोणी पुढे झाले नाही. पुढच्या कुत्र्याने शेपूट खाली घातले, आणि सगळी आली तशी निघून गेली. थोरल्याला कोणाचा दातही लागला नव्हता.

कुत्री नजरेआड होईपर्यंत तो उभा राहिला. मग बसला. मग आडवा झाला. छातीतला तो आवाज आता थांबतच नव्हता. धाकटा त्याचे कान चाटू लागला.

"भिंतीवर चढ," थोरला म्हणाला.

"कुत्री गेली आता."

"माहीत आहे. चढ. मला बघायचंय."

धाकटा भिंतीखाली गेला. शेपटीचे टोक हलवले आणि उडाला. भिंत, आणि तिथून बोळावरून पत्रा. आयुष्यात इतकी लांब उडी त्याने कधी मारली नव्हती. वळून तो ओरडला, "बघितलंस?"

थोरल्याचे डोळे उघडे होते. पण ते आता बघत नव्हते.

संध्याकाळी माणसे किटल्या घेऊन आली आणि दारातच थबकली. कोणी रांग लावली नाही. धाकटा भावाच्या पोटाशी बसला होता, त्याला कोणी हाकलले नाही.

"मी तर झाकणभरच घालत होते," हौसाक्का हळू आवाजात म्हणाली.

"मीपण झाकणभरच," तिच्यामागची बाई म्हणाली.

"माझं झाकण तर केवढंसं."

एकेक जण तेच बोलत गेला, रांगेतल्या अगदी शेवटच्यापर्यंत. मग केरबाअण्णांनी आणि आणखी एकाने मिळून त्याला त्याच्याच गोणपाटात उचलले, आणि चिंचेखाली पुरले, जिथवर तो चालत यायचा तिथे.

दुसऱ्या सकाळी हौसाक्काचा हात सवयीने झाकणाकडे गेला. दूध ओतून झाल्यावर तिच्या ध्यानात आले. समोर धाकटा बसला होता. बरगड्या दिसत होत्या, भूक लागली होती, आणि दुधाचा वास थेट भावाच्या मिशांसारखा येत होता. त्याने जीभ लावली. रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. लगेच मागच्या बाईने आपले झाकण पुढे केले.

हौसाक्काने तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. आज माझं दिलंय. उद्याच्याला भाकरीचा तुकडा न् मासळी बघू, आणि तेही एकीनंच द्यायचं."

"आणि फॅट?"

"फॅटचं काय ते म्हैस बघंल."

मग तिने दाराशी पडलेले कडब्याचा एक वाळका दांडा उचलला आणि त्याचे सुकलेले पान जमिनीवरून सर्रकन ओढले. धाकट्याचे कान टवकारले. पान भिंतीकडे गेले, धाकटा मागे. पान वर उचलले गेले, आणि धाकटा भिंतीवर होता. तिथून पत्र्यावर. कावळ्याने अंग चोरून त्याला जागा दिली.

खाली सगळी माणसे माना वर करून बघत होती. कोणाचेच डोळे मिटले नव्हते.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे त्याला फक्त भरवत राहू नये, त्याला अजून उडी मारता येते ना, हे रोज डोळे उघडे ठेवून बघावे.