चढाची वाटणी

आबासाहेब जाचक हे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. आपल्या कॉलेजनं जिंकावं असं त्यांना फार वाटे, पण ते काम पोरांवर सोडणं काही त्यांना पटत नसे.

रोबोंच्या स्पर्धेचं मैदान त्यांच्याच हॉलमध्ये स्पर्धेच्या आयोजक डोईफोडे मॅडम बांधत होत्या. प्लायवूडचे दोन चढ, एक लाल, एक निळा. रोबोनं चेंडू घेऊन वर जायचं.

आदल्या दिवशी आबासाहेब आले. "लाल बाजू आपली. निळा चढ जरा उभा करा. नाहीतर पुढच्या वर्षी हॉल विसरा."

"बरं, साहेब."

सकाळी हॉल भरला. मॅडमनी माइक घेतला. "हे मैदान आबासाहेबांनी जातीनं लक्ष घालून करून घेतलंय. तेव्हा गावाकडची रीत पाळू. वाटे थोरला पाडतो, आधी उचलतो धाकटा. पाहुण्या संघानं बाजू निवडावी."

टाळ्या पडल्या. पाहुणी पोरं लाल चढाकडे निघाली.

आबासाहेब घाम पुसत मॅडमपाशी आले. "अहो, थांबवा त्यांना! आधी दोन्ही चढ सारखे करा!"

"सारखेच आहेत, साहेब," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ते तसे हवेसे वाटायचं तेवढं बाकी होतं."