वस्तऱ्यातला काळा केस

“...आन् एवढी माणसं मेली म्हणतेत, तर त्यांच्या पोरांच्या डोया कुणी केल्या, बुवा?”

भानुदास बिडव्याने प्रश्न टाकला आणि वस्तरे ठेवायच्या धोकटीचा बंद सोडायला घेतला. उत्तराची त्याला घाई नव्हती. गेले दोन महिने तो हाच प्रश्न गावभर विचारत होता आणि अजून एकाही माईच्या लालाला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

हंसगिरीबुवा मठाच्या ओट्यावर बसून गवार निवडत होते. 

भानुदास हा पिंपळधोंडीचा न्हावी. गावातलं मरण बिडव्यांच्या घराला आजोबांच्या काळापासून सगळ्यांच्या आधी कळायचं. कुणाचं माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीवर मुलांची डोकी भादरायला, डोया करायला, त्यांनाच बोलावणं येणार. तलाठ्याच्या वहीत चूक होईल, पण न्हाव्याच्या वस्तऱ्यात होणार नाही, असं गाव म्हणायचं. भानुदासच्या कानाला ते फार गोड लागायचं.

साथीच्या उन्हाळ्यात त्याने डोया केल्या चार. आणि कुसुमच्या कागदावर मेलेल्यांची नावं होती सतरा. कुसुम ही गावची आशाताई, सरकारी आरोग्याच्या कामासाठी घरोघर फिरणारी.

चाराचे सतरा करून दिले बाईनं, असं भानुदास दुकानात हसत हसत सांगायचा. असेच गावोगावचे आकडे फुगतात, टीव्हीवाले त्यात आणखी हवा भरतात, आपल्या डोळ्यांनी बघतंय कोण? गिऱ्हाइकं हूं म्हणायची. वस्तरा गळ्यावर असताना दुसरं काय म्हणणार?

आज भाद्रपदी पौर्णिमा होती. सर्वपित्री अमावस्येला साथीत गेलेल्या सगळ्यांची नावं घेऊन नदीवर एकत्र तर्पण करायचं, असं गावाने ठरवलं होतं. कुणाची नावं घ्यायची, यावरून मात्र भांडण लागलं होतं. त्याचा निकाल आज संध्याकाळी देवळासमोर लागायचा होता. सरपंच म्हणाला होता, भानुदास सांगेल तेवढी नावं घेऊ. चार म्हणाला तर चार.

म्हणून स्वारी सकाळीच मठावर आली होती. बुवांची डोई करावी, पाया पडावं आणि आशीर्वाद घेऊन खाली उतरावं, असा बेत होता.

तिशीत त्याने बुवांचा अनुग्रह घेतला, तेव्हापासून दर पौर्णिमेला बुवांची डोई तोच करायचा. गुरूने शिष्यापुढे मान खाली घालायची अशी महिन्यातली ती एकच वेळ, आणि खरं सांगायचं तर भानुदासला तिचाही थोडा गर्व होता. पण साथीपासून पाच पौर्णिमा हुकल्या होत्या. दुकान आषाढातच उघडलं, तरी मठाची चढण दर पौर्णिमेला कशाने ना कशाने राहून गेली.

बुवांचे पांढरे केस आता मानेवर रुळत होते.

जंगल माजलंय, म्हणाला भानुदास. न्हावी नसला की गुरूचीसुद्धा काय दशा होते, बघा. बुवाही हसले.

मग ते उठले. आत गेले आणि कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. भानुदासने फडकं सोडलं. शिंगाच्या मुठीचा जुना वस्तरा. त्याच्या बापाचा. बाप वारला त्या वर्षी त्याने तो मठाला वाहिला होता. तेव्हापासून तो समाधीजवळच्या कोनाड्यात पडून होता.

“याला धार लावून दे,” बुवा म्हणाले. “अगदी बोथटलाय.”

कोनाड्यात पडलेला वस्तरा बोथटेल कसा? भानुदासने पातं उघडून उजेडात धरलं आणि त्याच्या तोंडून ‘च् च्’ निघालं. धार पार मेली होती. दोन जागी दाते पडले होते. घराण्याच्या वस्तऱ्याची ही गत!

“कुणी वापरला हा?”

“मी.”

“तुम्ही? कशाला?”

बुवा गवारीच्या शिरा काढत राहिले...

भानुदासने पातं पुसायला घेतलं. मुठीच्या खाचेत काहीतरी वाळून बसलं होतं. त्याने नखाने उकरलं. एक केस निघाला. तो त्याने तळहातावर घेतला आणि उन्हात धरला.

केस काळा होता. जाड, राठ, बोटाच्या पेराएवढा.

त्याने बुवांच्या मानेकडे पाहिलं. तिथे एकही केस काळा नव्हता आणि गेली वीस वर्षं तरी नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्य केसांत गेलेलं. हा केस चाळिशीच्या आतल्या माणसाचा होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. खाचेत आणखी केस होते. बारीक, भुरे, कुरळे. एका डोक्याचे नव्हते.

“बुवा... हे कुणाचे?”

“तू मघाशी मला काय विचारलंस?” बुवा म्हणाले.

पोरांच्या डोया कुणी केल्या, हे भानुदासने विचारलं होतं.

खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. 

मग बुवांनी सांगितलं, तेही मोजक्या शब्दांत. वैशाखात एक जण चढण चढून आला. बापाचा दहावा होता. भानुदासअप्पाकडे जाऊन आलो, म्हणाला, ते गावाला गेलेत, मठात एखादा वस्तरा आहे का? वस्तरा होता, पण धरणारा कुणी नव्हता. म्हणून बुवांनी धरला. जन्मात कधी धरला नव्हता. त्यानंतर दुसरा आला, तिसरा आला. नदीवर गर्दी करायची नव्हती, म्हणून इथेच, चिंचेखाली, एकेकाला बसवलं.

“माझा हात थरथर कापायचा,” बुवा म्हणाले. “सगळ्यांना लागलं. रक्त आलं. कुणी हूं की चूं केलं नाही.”

“तुम्हाला भीती नाई वाटली?”

“वाटली की. म्हणून तर हात कापायचा.”

भानुदासने पातं मिटलं. विचारू नये असं वाटत असतानाच त्याने विचारलं, “माझ्याबद्दल काय म्हणले लोक?”

“भानुदासअप्पा जिथं असतील तिथं सुखरूप असू देत, म्हणाले.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भानुदासला वाटलं.

तो भराभरा बोलू लागला. दुकानं बंद ठेवायचा हुकूम होता. चौकात पोलीस काठ्या घेऊन उभे होते. सुभद्राला दमा आहे, तिला काही झालं असतं तर? आणि चौथी डोई ज्याची केली तो निवृत्ती घोंगडे पंधरा दिवसांत स्वतःच गेला. बापाच्या दुःखाने गेला असं भानुदास तेव्हा सगळ्यांना सांगायचा, पण त्याच दिवशी त्याने दाराला आतून कडी घातली होती.

बुवा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. हुकूम खरा होता, पोलीस खरे होते, दमाही खरा होता.

“भिण्याबद्दल मी तुला काही म्हटलं का?” ते म्हणाले.

“नाई.”

“मग?”

“मग मला तरी कसं कळावं, बुवा? दार वाजायचं, नाई असं नाई. पण कोण कशाला आलं ते मी ईचारलंच नाई. दाढीला आले असतील, आसं वाटलं.”

“किती वेळा वाजलं?”

“मोजलं नाई.”

“चार तर मोजलेस.”

…

भानुदासने मान खाली घातली. मोजलं नव्हतं, हे खोटं होतं. न मोजून करतो काय? दाराआड गोणीवर बसायचं, श्वास धरायचा आणि ऐकायचं, याखेरीज त्या दिवसांत त्याला दुसरा धंदाच नव्हता. दारावर थाप पडली की सुभद्रा आतूनच सांगायची, घरात कुणी नाई, गावाला गेलेत. तिला ते सांगायला त्यानेच शिकवलं होतं. तिला धाप लागायची, तरी ती सांगायची. बाहेरचा माणूस म्हणायचा, बरं वहिनी. आणि पावलं लांब जायची.

कोणाची पावलं, हेही त्याला कळायचं. निवृत्ती घोंगड्याचा धाकटा भाऊ पाय ओढत चालतो. रामकिसन थाप मारत नाही, कडी हलवतो. दाढीला कोण येतं आणि कशाला कोण येतं, हे न्हाव्याला थापेवरून कळत नसेल तर तो न्हावी कसला? त्याला सगळं कळत होतं. कळू द्यायचं नव्हतं, एवढंच.

त्याने एकेक बोट मिटायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपली. अकरावं दार उरलं.

अकरावी कुसुम होती.

न्हाव्याला बोलवायला बाई येत नाही, तशी रीत नाही. पण सासरा गेला होता, नवरा तापाने अंथरुणाला खिळला होता, घरात उभं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. सुभद्राने नेहमीचं सांगितलं. कुसुम गेली नाही. मग दाराला तोंड लावून म्हणाली, “अप्पा, उद्या मामंजींचा दहावा हाये. जमलं तर या.”

अप्पा म्हणाली होती. वहिनी नाही. दाराआड तो आहे, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी कडी काढून त्याने बाहेर डोकावलं. त्याच्या चपला दाराबाहेर तशाच राहिल्या होत्या. सकाळी त्या उन्हात होत्या. आता कुणीतरी त्या भिंतीकडे, सावलीत सरकवून नीट जोडीने ठेवल्या होत्या.

त्याच कुसुमचा कागद त्याने दुकानात हसण्यावारी नेला होता. एकदा ती समोरून जात असताना मुद्दाम मोठ्याने बोलला होता. तिने ऐकलं होतं. ती थांबली नव्हती आणि चपलांचं नावही तिने आजपर्यंत कुणापाशी काढलं नव्हतं.

भानुदासला लाज वाटली. अशी वाटली, की अंगावरचा सदरासुद्धा आपला नव्हे असं वाटू लागलं. चार डोया, चार डोया म्हणून ज्या तोंडाने गाव जिंकलं, ते तोंड कुठे लपवावं हे त्याला कळेना.

“अकरा,” तो पुटपुटला. “चार आन् अकरा पंधरा. सतरा कसे मग? दोन तर...”

बोलता बोलता तो थांबला. अजूनही आपण घासाघीस करतोय हे त्याच्या ध्यानात आलं.

“दार वाजवायलासुद्धा मागे माणूस उरावं लागतं, भानुदास,” बुवा म्हणाले.



मग बुवांनी गवारीचं ताट बाजूला सारलं. त्याच्यासमोर मांडी घातली आणि नेहमीसारखी मान खाली घातली. पांढरे केस पुढे ओघळले.

“कर,” ते म्हणाले. “तुला उशीर होईल.”

भानुदासने वाटीत पाणी ओतलं. बोटं भिजवून बुवांच्या टाळूला लावली. आपला वस्तरा उघडला, चामड्यावर दोनदा फिरवला. तीस वर्षं झोपेतसुद्धा चुकला नसता असा हात. तो टाळूपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“हात चालत नाई, बुवा.”

बुवांनी मान वर केली. टाळूवरचं पाणी कपाळावर ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्याच्या हातातून वस्तरा घेतला, मिटला आणि धोकटीत ठेवला. त्याच्याशेजारी बापाचा बोथट वस्तराही ठेवला. धोकटीचा बंद बांधून ती त्याच्या मांडीवर दिली.

“मग आधी तिकडे जाऊन ये.”

“कुठं?”

“अकरा दारं तर तुला पाठ आहेत.”

“आन् बाकीची दोन?”

“ती कुसुमला विचार. तिच्याकडे जायचंच आहे तुला.”

भानुदास उठला. धोकटी काखेत मारली, चार पायऱ्या उतरला आणि थांबला. देवळासमोरची बैठक संध्याकाळची होती. अजून उन्हं डोक्यावरही आली नव्हती. वेळेचं निमित्तसुद्धा हाताशी उरलं नव्हतं. तो न वळताच म्हणाला,

“गेलो आन् त्यांनी दार उघडलं नाई तर, बुवा?”

बुवांनी गवारीचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं. एक शेंग मोडली. तिची शीर काढली.

“तर घरात कुणी नव्हतं, असं गावात सांगू नकोस.”