शेंड्यावरचा आवळा

फार पूर्वी तेलाच्या घाण्याशेजारी टुमी नावाची खार राहायची. रोज शेंगदाण्याची पेंड खाऊन ती इतकी फुगली, की एकदा मांजराच्या तावडीतून जेमतेम सुटली. धापा टाकत ती आवळ्याच्या झाडाला म्हणाली, "दादा, अंगात नुसती आग झालीय रे!"

"ती विझवणारा रस माझ्या शेंड्यावरच्या फळांत आहे. पण पेंड सोड आणि वर ये."

"एक खाली टाक ना!"

"नाही टाकणार."

टुमी चिडली, चढली, घसरली, पुन्हा चढली. पेंड सोडल्याने ती हलकी होत गेली आणि पंधराव्या दिवशी शेंड्यावर पोहोचली! आंबट आवळा कचकन फोडताच तिचे डोळे मिटले, शेपूट फुललं.

"आणखी एक देऊ?" झाडाने हसून विचारलं.

"देऊ नकोस, मीच घेते!" म्हणत टुमीने थेट पलीकडच्या फांदीवर उडी मारली.